न उचललेला बेलभंडार

चंपतने पुढे केलेला हात मागे घेतला आणि पंचांकडे पाहून तो म्हणाला, "म्या नाही उचलत."

केनवडच्या मारुतीच्या पारावर जमलेली मंडळी कुजबुजू लागली. समोर पितळी ताटात बेलाची पाने होती, त्यावर हळदीचा भंडारा. तो बेलभंडार उचलून जो जे सांगेल ते गावाने खरे धरायचे आणि तो उचलून जो खोटे बोलेल त्याचा वंश बुडायचा, अशी जुनी रीत.

कडुनिंबाच्या खोडाला टेकून, बायकांच्या घोळक्यात चंपतची आई गिरजाबाई बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला. आता गाव काय बोलणार हे तिला पाठ होते.

धरमसिंग पाटलांची कडब्याची गंजी गेल्या आठवड्यात भर दुपारी जळाली होती. बैलांची वर्षाची वैरण राख झाली. संशय गेला तय्यब पिंजाऱ्यावर. गाद्यांचा कापूस पिंजणारा हा माणूस एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याची शेळी पाटलांनी कोंडवाड्यात घातली, तेव्हा तो चारचौघांत तोंडाला येईल ते बोलून बसला होता. त्यात गिरजाबाईचा धाकटा मुलगा जगदेव याने तय्यबला गंजीकडे जाताना पाहिले, असे सांगितले. तय्यबने बायकापोरांसह गाव सोडावे, इथवर गोष्ट आली होती.

खरे काय ते गिरजाबाईला आदल्या दिवशी कळले. त्या दुपारी चंपत मळ्यात मोट हाकत होता. गंजीच्या सावलीत चिलीम ओढत बसलेला जगदेव त्याने पाहिला होता, आणि धूर निघाल्यावर पळत सुटलेलाही. पंचांपुढे हे सांगणार, असे चंपतने आईला बजावले. तिने पदर पसरला. जगदेव लहान आहे, त्याची बायको पोटुशी आहे, पाटील त्याची हाडे खिळखिळी करतील. तू सांगितले नाहीस तर तुझे काय जाते, असे ती परोपरीने म्हणाली. चंपतने सारे ऐकून घेतले आणि इतकेच म्हणाला, "माय, तय्यबचं घर मोडन."

सकाळी तिने मारुतीला तेल घातले आणि मागितले, काहीही कर, पण माझ्या लहान्याला वाचव.

चंपत देव मानत नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. कुठले दुःख झाले म्हणून नव्हे. शाळेत एक मास्तर आले होते. माणूस वानरांतून हळूहळू घडत आला, असे त्यांनी सांगितले, आणि मळ्यात वांगी-मिरच्या लावता लावता चंपत त्यावर वर्षानुवर्षे विचार करत राहिला. एक दिवस तो देवळात जायचा थांबला. भांडला नाही, कुणाला शिकवायलाही गेला नाही. गिरजाबाईला मात्र पाणवठ्यावर बायका विचारत, तुझ्या पोराच्या मागे कोणता देव आहे, आणि ती मान खाली घालून घागर भरी.

चंपतने पंचांना पाहिले ते सांगितले होते, पण बेलभंडार उचलायला नकार दिला, तेव्हा धरमसिंग पाटलांनी गावाच्या मनातली शंका उघड विचारली. "ज्याले देवच नाही, त्याले खोटं बोलायले अडवते कोण?"

"पाटील," चंपत म्हणाला, "ज्याले मी मानत नाही त्याची शपथ वाह्यली, तं तेच माह्यं पह्यलं खोटं होईन. म्या पाह्यलं ते सांगतलं. जगदेव माह्या पाठचा भाऊ हाये. मानाचं तं माना."

एक पंच मोठ्याने हसला. मळ्याच्या वाटणीवरून भावाभावांत वाकडे असेल, असेही कुणी म्हणाले. शपथेवाचून साक्ष म्हणजे दाण्यावाचून भूस. ती धरायची नाही, असे ठरले. तय्यब जमिनीकडे पाहत उभा होता. त्याने वर पाहिलेच नाही.

गिरजाबाईच्या ध्यानात आले, सकाळी जे मागितले ते मिळाले आहे. थोरल्याचे कुणी मानले नाही, धाकटा सुटला. नुसते बसून राहायचे, की झाले. पण ते हसू तिच्या काळजात रुतले होते. ज्या पोराने जन्मात कुणाची काडी उचलली नाही, सख्ख्या भावाविरुद्ध बोलताना ज्याचा जीव तुटत होता, त्याला लोक हसत होते. ती उठली. पारापुढे बायका बोलत नसत, ती बोलली.

"माह्या लहान्यानं बी काही सांगतलं ना? मंग त्याले बी उचलू द्या."

जगदेव शनिवार धरणारा, मारुतीला शेंदूर लावल्यावाचून तोंडात घास न घालणारा. तो ताटाशी आला. वाकला. त्याची बोटे बेलपानांच्या वर थांबली आणि तो तिथेच मटकन खाली बसला.

"नाही उचलत," तो म्हणाला. "गंजी माह्या चिलमीनं जळाली. भेलो, म्हणून तय्यबचं नाव घेतलं."

पाटलांनी तय्यबला घरी जायला सांगितले आणि त्याची शेळी सोडायला माणूस धाडला. जगदेवने आपल्या तोंडाने कबूल केले, म्हणून त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. मात्र गिरजाबाईच्या शेतातला यंदाचा सारा कडबा पाटलांच्या खळ्यावर पडायचा, असे ठरले.

तय्यब चंपतजवळ आला. डोळे पुसत म्हणाला, "चंपतभाऊ, खुदानं धाडलं तुमाले."

"म्या तं मळ्यातून आलो, तय्यबभाई," चंपत म्हणाला, आणि दोघेही ओल्या डोळ्यांनी हसले.

घरी परतताना जगदेव पुढे निघून गेला. गिरजाबाई थोरल्याबरोबर चालत होती. तिच्या मनातला प्रश्न अखेर ओठांवर आला.

"त्याले देवाच्या भेवानं अडवलं. तुले कायनं अडवलं रे?"

मळ्यात वानरांची टोळी येते, चंपत सांगू लागला. सगळी वांग्यांवर तुटून पडतात, पण एक हुप्या आंब्याच्या शेंड्यावर बसून राहतो. खात नाही, राखण करतो. आपण गोफण उचलली की ओरडतो; बाकीची निसटतात, धोंडा मात्र त्याच्याकडे येतो.

"त्याले कोण्या पोथीनं शिकवलं, माय? एकमेकाले धरून राह्यले, म्हणून जगले. आपून बी त्याईच्यातूनच आलो. तेच आंगात उतरलं असंन."

गिरजाबाई वाटेत थांबली.

"वानर कोणाचं, येड्या? मारोतीचंच ना," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

त्या दिवसापासून जगदेवने भावाशी बोलणे टाकले. सुगीत कडब्याची पहिली गाडी भरली तेव्हाही दोघे मुक्यानेच पेंढ्या रचत होते. घरचे बैल यंदा कुणाच्या तरी बांधावरच्या गवतावर जगवायचे होते. गाडी आडवाटेने न्यावी, असे जगदेवची बायको म्हणाली. गिरजाबाईने ती भर बाजारातून काढली आणि स्वतः पुढे चालली.

दुकानाच्या ओट्यावरून कुणी विचारले, कडबा कुठे चालला?

"पाटलाच्या खळ्यावर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "त्याईची गंजी आमच्या हातून जळाली. माह्या दोन्ही पोराईनं पंचात खरं सांगतलं."

वेशीजवळच्या चढावर गाडी एका अंगाला कलली. मागून दोघा भावांनी दोन बाजूंनी भाराला खांदे लावले. गिरजाबाईने वळून पाहिले नाही. डोक्यावरचा पदर घसरला होता; तो सावरायलाही न थांबता ती ताठ मानेने चालत राहिली.