वळणावरचा हात

माघ सरत आला की पांगारखिंडीतले पांगारे आपली सगळी पानं टाकून देतात आणि नुसते लाल होतात. निष्पर्ण, निःशब्द, रक्तवर्ण. खाली कोकणात धुकं अजून खाचरांवर निजलेलं असतं, वर सह्याद्रीच्या माथ्यावर उन्हाची पहिली पिवळी रेघ उमटलेली असते, आणि मधल्या त्या उभ्या, काळ्या, कातळकठोर कड्यावर ही झाडं कुणाचीही वाट न बघता फुलतात. कोण आलं, कोण गेलं, याची त्यांना खबर नसते.

त्या कड्यावरून एक जुनी गाडीवाट चढते. पलीकडून डांबरी घाट झाला, गाड्या तिकडे गेल्या, बैल गेले, वाट तेवढी राहिली. पावसाळ्यांनी तिची माती वाहून नेली आणि दगड मागे ठेवले. आता तिथून गवळी-धनगरांच्या म्हशी जातात, आणि दरवर्षी एकदा, पांगारा फुलला की, दोन मोटरसायकली.

यंदा एकच आली.

पण केवढी! उंच, रुंद, राखाडी, रानावनांसाठीच घडवलेली. तीन माणसांचं वजन एकटीच्या अंगावर वागवणारी. तिच्यावर हेमांगी साळोखे बसली होती, आणि बसली होती म्हणजे काय, दोन्ही पायांचे चवडे जेमतेम जमिनीला टेकत होते. पन्नाशी उलटलेली, कराडची बाई. गाडी तिची नव्हती. नवऱ्याची होती.

रणधीर भाद्रपदात गेला. डोंगरात नाही, दरीत नाही. दुपारी जेवून आरामखुर्चीत टेकला, म्हणाला, जरा पडतो, आणि पडला तो पडलाच. ज्यानं अर्धा सह्याद्री चाकाखाली घातला, त्याला मरण आलं ते पंख्याखाली. याचं हसू यावं की रडू यावं, हेही हेमांगीला कळलं नाही.

कारण तेव्हापासून तिला काही वाटतच नव्हतं. तवा हाताला लागला, चटका बसला नाही. चहात साखर राहिली, जिभेला पत्ता नाही. तेराव्याला सगळं घर रडलं आणि ही वाढप नीट चाललंय ना, ते बघत राहिली. लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. बाई धीराची नव्हती. बाई तिथं नव्हतीच.

"आई, ती गाडी तुला झेपायची नाही," तिची मुलगी केतकी म्हणाली होती. "बाबांची उंची वेगळी होती. देऊन टाकू या कुणाला तरी. रोज दारात दिसते आणि मला बघवत नाही."

"पांगारखिंड चढून जाते," हेमांगी म्हणाली. "चढले तर राहील. नाही चढले तर तू म्हणशील त्याला दे."

भाजी आणायला जाते म्हणावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं. केतकी घाबरली ती त्या आवाजाला.

*

कराडहून डांबरी घाटानं ती खाली उतरली, आणि जुन्या वाटेचा चढ सुरू झाला. वाट नव्हे, दगडांचा ओघ; जणू वरून कुणी टोपलीभर कातळ ओतला होता आणि तो तसाच घरंगळता थांबला होता. हेमांगी पाय ठेवायच्या पावट्यांवर उभी राहिली. गुडघ्यांनी टाकी आवळली, छाती हँडलवर झुकवली, पहिल्या गिअरमध्ये वेगाची मूठ धरून ठेवली. एकदा चढाला लागलं की मूठ सोडायची नाही. सोडली की गाडी थांबते, थांबली की कलते, कलली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

चाकाखाली दगड फुटत होते, उडत होते, दरीत जात होते. दरी खोल होती, निळी होती, धुक्यानं भरलेली होती. तिच्याकडे बघायचं पूर्वी हेमांगी टाळायची. आज तिनं बघितलं, आणि काहीच झालं नाही. ती चढत राहिली.

वळण आलं. वळण गेलं. लाल झाड आलं, लाल झाड गेलं. वारा हेल्मेटच्या काचेवर येत होता आणि काचेवरच संपत होता.

हा चढ तिला पाठ होता, पण मागून. कारण पुढं नेहमी रणधीर असायचा, या राखाडी गाडीवर, आणि मागं ती, तिच्या लहान गाडीवर. आणि त्या दोघांचा एक नेम होता, घाटात फिरणाऱ्या सगळ्यांचा असतो तसा, पण यांनी तो देवपूजेसारखा पाळलेला. पुढच्यानं वळण घेऊन थांबायचं. मागच्याचा दिवा दिसल्याशिवाय वळण सोडायचं नाही.

उजवा हात ब्रेकवर लागतो, म्हणून रणधीर डावा हात वर करायचा. मी आहे, ये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, दरीच्या काठाशी, पाठीमागे आभाळ घेऊन तो उभा राहायचा. हात वर, तळवा उघडा. ती खालून धापा टाकत, घसरत, मनातल्या मनात त्याच्या नावानं खडे फोडत यायची, आणि तो हात दिसला की तिला वाटायचं, चला, एवढं झालं. मग हात खाली यायचा. तो पुढं. पुन्हा वळण. पुन्हा हात. वर्षानुवर्षं ती डोंगर चढली नव्हती, त्या हाताच्या मागं चढली होती.

आणि अजून एक तो सांगायचा. "चाकाला डोळे नसतात, हेमा. ते तुझेच वापरतं. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यात नेईल. जायचंय तिकडे बघ."

असलं शहाणपण घरी बसून आठवतं, पण ऐन घटकेला आठवत नाही. खिंडीखालचं सगळ्यात अवघड वळण आलं. उजवीकडे मुरडणारं, उभं, सुट्या दगडांचं. इथं बघायचं उजवीकडे, वर, वाटेच्या शेवटाकडे. हेमांगीनं बघितलं डावीकडे, काठाकडे, जिथं तो उभा असायचा तिथं.

तिथं कुणी नव्हतं. एक दगड होता, त्यावर पांगाऱ्याची गळालेली फुलं होती, आणि मागं आभाळ.

चाकानं तिचे डोळे वापरले. गाडी सरळ त्या दगडाकडे गेली, आदळली, क्षणभर उभी राहिली, आणि मग सावकाश, मोठं झाड पडावं तशी, डाव्या अंगावर आडवी झाली. हेमांगी डाव्या हातावर पडली. इंजिन बंद पडलं. एक दगड दरीत गेला. बराच वेळ तो जात असल्याचं ऐकू येत राहिलं.

ती उठून बसली. हेल्मेट काढलं. काठ हातभर दूर होता. आपण आत्ता मेलो असतो, असं तिच्या मनात आलं, आणि तेही कुणा तिऱ्हाइताची बातमी वाचावी तसं आलं. तिला काही वाटलं नाही. आडव्या पडलेल्या गाडीचं पुढचं चाक किंचित फिरत होतं. तिनं ठरवलं, केतकीला फोन करायचा. म्हणायचं, दे कुणाला तरी.

*

"ये बाय! जित्ती हाईस न्हवं?"

खालच्या वळणावरून तीन म्हशी आल्या आणि त्यांच्यामागं काठी घेतलेली एक म्हातारी. वाळकी, काळी, ताठ. लाल लुगडं, कपाळावर ठळक गोंदण. भागाबाई झोरे. तिचा गोठा वर माथ्यावर होता.

"आहे," हेमांगी म्हणाली.

"मंग बसलीस कशापायी? उठ की. म्हस बी पडली तर आपली आपन उठतीया."

"ही नाही उठत, मावशी. जरा हात लावता?"

भागाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. बाजारात जनावर बघतात तशी. "चारा काय खाती गं ही?" असं विचारून आपल्याच बोलण्यावर ती खुदकन हसली.

हेमांगीला उचलायची रीत ठाऊक होती; रणधीरनंच घोटून घेतली होती. गाडी गिअरमध्ये असू द्यायची, पाठ सीटला लावून उकिडवं बसायचं, मागं हात घालून धरायचं आणि पायांनी रेटत उलटं चालायचं. ती बसली. भागाबाई शेजारी तशीच बसली, लुगड्याचा काचा मारून. दोघींच्या पाठी त्या थंड लोखंडाला लागल्या. पहिल्या खेपेला गाडी हलली नाही. दुसऱ्या खेपेला हलली आणि परत बसली, तेव्हा भागाबाईनं तिला अशी एक कचकचीत शिवी दिली की तिन्ही म्हशींनी वळून बघितलं. तिसऱ्या खेपेला गाडी उठली. थरथरत, धूळ झाडत उभी राहिली. भागाबाईनं चपळाईनं मागच्या चाकाला धोंडा लावला.

मग दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. पांगाऱ्यावरच्या साळुंक्या पुन्हा कलकलायला लागल्या.

"दरसाली येता न्हवं तुमी?" भागाबाई म्हणाली. "पांगारा फुलला की. मी वरनं बघती की समदं. त्यो पुढं, आन् तू मागं. त्यो बाबा पत्येक मोडनावं हात वर करून हुबा. किती येळ गं! तुझा पत्ता नसायचा आन् ह्यो आपला हुबा. मी म्हनायची, ह्येचा हात दुखत कसा न्हाई?"

हेमांगी टाकीवरची माती पुसत राहिली.

"यंदा एकलीच? त्यो कुटं ऱ्हायला?"

"ते गेले, मावशी," हेमांगी म्हणाली. "भाद्रपदात."

घरात हे शब्द तिला कधी उच्चारावे लागलेच नव्हते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इथं, या काठावर, त्या लाल झाडाखाली, ते पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर आले, आणि बाहेर आल्यावर आपल्या जागी जाऊन बसले. ते गेले.

"आगं आई," भागाबाई म्हणाली. पदर तोंडाला लावला, काढला. पुढं आलेल्या म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जा तू आता. ऊन चढंल. मी येती मागनं."

मी येते मागून. म्हातारीनं ते सहज म्हटलं होतं. कुणीही घाटात कुणालाही म्हणतं, तसं.

*

हेमांगीनं हेल्मेट चढवलं. स्टार्टर दाबला, गाडी खोकली, मग गुरगुरली. म्हशी बाजूला सरल्या. ती पावट्यांवर उभी राहिली, क्लच हळूच सोडला, मूठ पिळली. मागचं चाक धोंड्यापासून सुटलं, भिरभिरलं, मग कुठंतरी खोल खाली त्याला डोंगर सापडला आणि त्यानं तो धरला.

काठाकडे बघायची ओढ तिला झालीच. तिनं बघितलं नाही. उजवीकडे बघितलं, वर बघितलं, जिथं दोन काळ्या कड्यांच्या मधोमध आभाळाचा एक उजळ तुकडा अडकला होता तिथं. चाकानं तिचे डोळे वापरले. दगड आले, दगड गेले. झाड आलं, झाड गेलं. आणि गाडी चढली, हुंकारत, हेलकावत, हट्टानं चढली, आणि शेवटच्या वळणाच्या वर जाऊन पोहोचली.

समोर खिंड होती. पलीकडून देशाचा कोरडा, गवताचा वास असलेला वारा येत होता. शे-दोनशे पावलांचा सपाट पट्टा तेवढा उरला होता, डोळे मिटूनही ओलांडता येईल असा.

हेमांगी थांबली.

गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, काठाशी घेतली. उजवा हात ब्रेकवर ठेवला. आणि डावा हात वर केला.

खालची वाट रिकामी होती. म्हातारीचं चालणं म्हशींच्या चालीनं, आणि म्हशींना कसली घाई. वेळ गेला. धुकं खाली विरत होतं, खाचरं एकेक करून उघडी होत होती, ऊन कड्यावरून पायरी पायरीनं उतरत होतं. ती हात वर करून उभी राहिली.

आणि मग मनगट ठणकलं. ज्या हातावर ती पडली होती, तो हात. आधी बारीक, मग कोपरापर्यंत, मग खांद्यात शिरून मानेपर्यंत चढलेली, जिवंत, तापलेली, निर्लज्ज कळ. दुखलं. किती महिन्यांनी काहीतरी दुखलं.

त्याचाही दुखत असणार. दरवर्षी, दर वळणावर, ती घसरत, अडखळत, त्याच्या नावानं खडे फोडत येईपर्यंत. दुखत होता आणि त्यानं कधी सांगितलं नाही. दुखत होता आणि त्यानं कधी खाली घेतला नाही. हेमांगीच्या घशातून एक आवाज निघाला. तो तिच्या ओळखीचा नव्हता. हेल्मेटच्या काचेच्या आत सगळं धूसर झालं, लाल झाडं एकमेकांत मिसळून गेली, आणि ती रडली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, कुणी ऐकायला नाही म्हणून आणि असतं तरी रडली असती म्हणून.

हात तिनं खाली घेतला नाही.

खाली, वळणाच्या टोकाशी, आधी एक शिंग दिसलं. मग लाल लुगडं. म्हातारीनं मान वर केली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघितलं, आणि आपली काठी उंच केली. वर एक हात, खाली एक काठी, आणि मधल्या त्या उभ्या, काळ्या, कातळकठोर कड्यावर पांगारे आपले लाल, लाल, लाल.