जोतीरामची पाठ

"जोत्या, भिंतीला टेकू नगोस! सरळ बस!"

फक्रुद्दीन ओरडला तसा जोतीराम दचकून पुढे सरकला. चिंचेच्या तालमीच्या कट्ट्यावर तो लंगोटावर बसला होता आणि मागे उभे राहून सात-आठ जण त्याची पाठ न्याहाळत होते. दोन दिवसांपूर्वी मैदानात लागलेली लाल माती अजून पाठीवर होती. डाव्या खांद्यावर तिचा जाड थर होता, उजवा खांदा मात्र जवळजवळ कोरा. कुस्ती पन्हाळ्याकडच्या मल्लाशी होती आणि जोतीराम चीत झाला, असा निकाल पंच बाळासो वस्तादांनी दिला होता. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुणी चीत होत नाही, हे कोल्हापुरात रांगत्या पोरालाही कळतं.

"मग आंघूळ कवा करू?" जोतीरामनं विचारलं.

"वस्ताद बघून जाईस्तवर न्हाय."

"आन ते आलंच न्हाईत तर?"

फक्रुद्दीननं त्याचा खाजवायला उचललेला हात खाली ओढला.

फक्रुद्दीन हा पखालजी. चामड्याची मशक पाठीवर घेऊन विहिरीचं पाणी घरोघर पोचवायचं आणि मैदानाच्या दिवशी कुस्तीच्या हौद्यातली माती भिजवायची, हे त्याचं काम. शाहू महाराज गादीवर आले त्या वर्षापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, त्याने एक मैदान चुकवलं नव्हतं. माती भिजवून झाली की तो हौद्याच्या कडेला बसायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा. पान नाही, तंबाखू नाही, तमाशा नाही. काय ती चैन एवढीच. त्याची बायको हाफिजा म्हणायची, "दुसऱ्यांचं नवरं मैदान बघून येत्यात, माझा लढून येतो."

चौदा वर्षांत त्याने चुकीचे निकाल ढिगाने पाहिले होते. लोक बोंबलायचे, हलगी कडाडायची, जिंकलेला लोकांच्या खांद्यावर चढायचा आणि पंच उपरणं झटकून घरी जेवायला जायचा. मामलेदार चुकला तर दरबारात अर्ज करता यायचा. पंचाविरुद्ध अर्ज कुठे करणार? एका तरी पंचाने एकदा तरी 'चुकलं माझं' म्हणावं, एवढंच फक्रुद्दीनला मरायच्या आधी ऐकायचं होतं. आणि या खेपेला पुरावा होता. अंगावर उधळलेली माती झटकली की जाते, पण पाठ दाबली गेली की ती भाकरीसारखी थापली जाते. त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. माती त्यानेच भिजवली होती.

अडचण एकच होती. पुरावा वाळायला लागला होता आणि त्याचे पोपडे सुटत होते.

"दोन राती पोरगं पालथं झोपतंय," जोतीरामची आई तानाबाई तालमीच्या दारात येऊन कडाडली. "खाजवू बी देत न्हाईत मेलं! कुस्ती गेली ती गेली, आता झोप बी घालवा त्येची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्रुद्दीन बाळासोंच्या घरी पाणी घालायला गेला. बाळासो साठीचे, कुस्तीत कान मोडलेले, एके काळचे नावाजलेले पैलवान. ओसरीवर चहा पीत बसले होते. फक्रुद्दीननं रांजण भरला, मशकेचं तोंड बांधलं आणि तिथेच उभा राहिला.

"काय रं?"

"वस्ताद, जोत्याची पाठ बघायला चला."

बाळासोंनी कप खाली ठेवला. "निकाल दिला त्यो दिला. आजवर दरबारानं मला कधी इचारलं न्हाय, आन तू इचारतोस?"

"म्हणूनच इचारतोय. दुसरं कोण इचारणार तुमास्नी?"

बाळासोंचे मोडके कान लाल झाले. फक्रुद्दीन जागचा हलला नाही. पाण्याचं हे घर गेलं तर शेजारची चार घरंही जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात दाराआडून बाळासोंची बायको बनाबाई म्हणाली, "जाऊन बघून या की. तीन दिस झालं, ताटावर बसून तुमी बी त्योच खांदा चिवडताय."

बाळासो आले. त्यांनी जोतीरामला उजेडाकडे पाठ करून बसवलं, डाव्या खांद्यावर अंगठा दाबून पाहिला, मग उजव्यावर.

"ह्यो टेकला न्हाय," शेवटी ते म्हणाले. "निकाल आता फिरत न्हाय, मानाचा फेटा त्या पोराकडंच ऱ्हाईल. पर नजर चुकली माझी. चारचौघांत सांगतो, चुकलं. पुढच्या मैदानाला दुसरा पंच बघा."

"बघाच!" मागून कुणीतरी ओरडलं.

फक्रुद्दीन गर्रकन वळला. "कोण रं त्यो? चौदा वरसांनी चुकलं म्हणणारा पंच घावलाय, आन त्येलाच घालवतोस व्हय?"

सगळे हसले. बाळासोही हसले, जरा उशिरा. फक्रुद्दीनला मात्र हसू येईना, डोळेच भरून आले. "काका, रडताय काय, वता की आता!" जोतीराम ओरडला. फक्रुद्दीननं मशकेचं तोंड सोडलं आणि अख्खी मशक त्याच्या पाठीवर रिकामी केली.

महिन्याभराने मैदान भरलं. पंच बाळासोच होते. जोतीरामची कुस्ती मिरजेच्या मल्लाशी लागली. अर्धा तास झटापट झाली आणि मिरजकरानं त्याला डोक्यावरून उलटा टाकला. हलगीवाल्यानं टिपरू उचललं, तोच बाळासोंनी हात वर केला.

"थांब. जोतीराम, पाठ दाखव."

असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. जोतीराम मातीतच पाठमोरा बसला. गुडघ्यावर हात टेकून म्हातारा वाकला. आधी डावा खांदा पाहिला, मग उजवा. घाई केली नाही. मग त्यांना उठता येईना. जोतीरामनंच वळून त्यांना हात दिला, उभं केलं, आणि उभं राहिल्यावर बाळासोंनी मिरजकराचा हात वर उचलला.

फक्रुद्दीन दोन हातांच्या अंतरावर बसला होता. दोन्ही खांदे त्यालाही दिसले होते, दोन्ही लाल.

"बरोबर हाय," तो म्हणाला. मैदानात हे तो पहिल्यांदाच म्हणत होता.