पाठ करून घेतलेला धडा

आमच्या वस्तीवरच्या शाळेच्या दारावर 'शंभर टक्के प्रगत शाळा' अशी पाटी आहे. ती लावताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

चौथीतल्या शिवकन्येला वाचता येत नव्हतं. मेंढपाळ कोंडीरामची ही लेक लई हुशार. एकदा ऐकलेली गोष्ट शब्द न शब्द सांगायची. पण पुस्तक उघडलं की, "बाई, अक्षरं हलत्यात," म्हणून रडकुंडीला यायची. म्हणून ती दुसरीत असल्यापासूनच मी तिच्यापुरतं वेगळं शिकवू लागले. मातीत बोटानं अक्षरं गिरवून घ्यायची, टाळीवर शब्द तोडायचे, परीक्षा तोंडी. दोन वर्षांत ती दोन-दोन अक्षरांचे शब्द जुळवू लागली. मला त्याचा केवढा अभिमान होता!

तपासणी आली तेव्हा मुख्याध्यापक शिवानंद सर म्हणाले, "एका पोरीपायी शाळा मागं ठिवता व्हय? तिचं पाठांतर चांगलंय न्हवं? मग एक धडा पाठ करून घ्या."

मी घेतला. पान कधी उलटायचं तेसुद्धा शिकवलं आणि वर बजावलं, "कुणाला सांगायचं नाही." साहेबांपुढं पोरीनं धडा फडाफडा 'वाचला'. प्रगतीच्या तक्त्यात तिच्या नावापुढं 'गोष्ट वाचते' असं लिहून मी सही ठोकली. कोंडीराम दारात उभा राहून डोळे पुसत होता.

पाचवीला ती बेंबळीच्या शाळेत गेली. महिन्याभरातच कोंडीराम तिला घेऊन आमच्या ऑफिसात आला.

"बाई, तिथलं सर म्हंत्यात हिला वाचाय येत न्हाय. म्या तर माझ्या डोळ्यानं बघितलंय. तुमी खरं काय ते सांगा. येत नसंल तर धाराशिवला अशा पोरांला येगळं शिकिवत्यात, तिकडं न्हेतो. अन् येत असून सोंग करत असंल, तर मेंढरामागं लावतो."

एक वाक्य बोलायचं होतं. शिवानंद सर कागदातून मान वर काढून माझ्याकडं बघत राहिले. माझी नोकरी, माझी सही, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मेलं माझं तोंड उघडेना.

शिवकन्येनं माझ्याकडं बघितलं. तिला माझी कीव आली असावी.

"आबा," ती म्हणाली, "म्या सोंगच करतीय."

कोंडीरामनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मला हात जोडले. "माफ करा बाई. तुमी एवढं शिकिवलं, पर हिच्यात न्हाय."