चौथा फोटो

मुलांच्या विमा कार्डाच्या खिडकीवर मी बसते. निधी आटून दोन वर्षं झाली, पण साहेबांचा हुकूम आहे की नाही म्हणायचं नाही, फॉर्म घेत राहायचं. सहा महिन्यांनी फॉर्म बाद होतो, मग मुलाचा नवा फोटो लागतो.

हृदयाला भोक असलेल्या पोरीची आई आज चौथ्यांदा आली. फाइलमध्ये पोरीचे तीन फोटो होते आणि प्रत्येकात गाल आणखी आत गेलेले.

मान वर न करता मी म्हटलं, "ताई, फोटो नवा लागेल."

"नवा आता कुठला, बाई? तो पहिला परत द्या. त्यात ती हसतेय."

मी नखाने फोटो सोडवू लागले. निघेना. हरवू नये म्हणून डिंक मीच भरपूर लावला होता.