वांग्यांच्या राखणीचा फोटो

त्या आठवड्यात मी सावंगीला होऊ घातलेल्या डॉक्टरांचा एक घोळका हवेत उडवला आणि समुद्रपूरला एका म्हशीला जागेवर उभं केलं. डॉक्टर पोरापोरींना पांढऱ्या कोटात सगळ्यांनी एकदम उडी मारतानाचा फोटो हवा होता. त्यात एक जण हमखास आधी उडायचा, आणि एक जण बाकीचे खाली आल्यावर. म्हशीचा फोटो विम्यासाठी होता. तिच्या कानातला बिल्ला, तिचं तोंड आणि मालकाचं तोंड, तिन्ही एका चौकटीत यायला हवं होतं. म्हैस पहिल्या झटक्यात नीट आली. डोळे मिटत होते ते मालकाचे.

असं माझं काम. स्टुडिओ नाही, पाटी नाही. नालवाडीतलं घर, स्कूटी आणि कॅमेरा. बारसं असो, साक्षगंध असो, दोन भावांत वाद असलेला शेताचा धुरा, म्हणजे बांध, असो, लोक म्हणतात, शालूताईला बोलवा.

शिवाय मला कोणीही न सांगितलेलं एक काम मी करते. ग्रुप फोटोच्या कडेला नेहमी कोणीतरी अर्धं कापलं जातं. ही अर्धी माणसं मी जमवून ठेवते. कॉम्प्युटरवर त्यांचं वेगळं फोल्डर आहे, ‘काठावरचे’ नावाचं. त्यात सगळ्यात जास्त भरल्या आहेत आमच्या नालवाडीच्या कुंताकाकू. एका साक्षगंधात त्यांचं नुसतं कोपर आहे. एका वास्तुशांतीत आरतीचं ताट आणि ताटामागे अर्धं कपाळ. एका बारशात तर फक्त पदर आहे, पण हिरवा म्हणून मी ओळखला.

त्याच कुंताकाकूंचा फोन आला.

“शालू, मले एक फोटो पाह्यजे. मोठ्ठा. रस्त्यावरून दिसला पाह्यजे.”

“कशाचा, काकू?”

“थेच तं ठरून नाई राह्यलं. तू येजो वावरात.”

नालवाडीच्या पुढे, डांबरी रस्त्याला लागून काकूंचा वांग्यांचा तुकडा आहे. बाकी सगळ्या वावरात त्यांच्या नवऱ्याची, बंडूजींची, कापसाची पऱ्हाटी असते. हा तुकडा मात्र काकूंचा. त्यात काय लावायचं, कधी तोडायचं, बाजारात कोणत्या ढिगावर कोणतं वांगं ठेवायचं, हे त्या ठरवतात. पण मागची दोन वर्षं ऐन फळावर आलेला माल सडला होता. कृषी सहायक येऊन सांगून गेला, अळी आहे. काकूंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, “अळी हाये हे तं मले बी दिसते. पन तिले बलावलं कोनं?”

काकूंच्या मते नजरेनं. तुकड्यासमोरच रस्त्यावर गतिरोधक आहे. तिथे प्रत्येक गाडी हळू होते आणि प्रत्येक माणूस म्हणतो, “काय वांगे हायेत, बावा!”

यंदा प्रकरण जास्त गंभीर होतं. बंडूजींनी सांगून टाकलं होतं की, या वर्षीही वांगी गेली तर तो तुकडा सदाशिवरावांना धाब्यासाठी देऊन टाकायचा. सदाशिवराव म्हणजे गावातले सिमेंटवाले. रस्त्याकडेच्या जागांवर त्यांचा डोळा, आणि पंचायत समितीच्या खुर्चीवर दुसरा. निवडणूक कधी होईल ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सदाशिवराव रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून तयार असत.

मी वावरात पोचले तेव्हा नवरा-बायकोचं भांडण रंगात आलं होतं. काळं मडकं, बुजगावणं सगळं करून झालं होतं. लोक आता मडक्याकडे पाहत नाहीत. मग बंडूजींनी मोबाइलवर पाहिलं की, कोण्या गावच्या शेतकऱ्याने वावरात हिरोईनचा फ्लेक्स लावला आणि सगळी नजर तिच्यावर गेली. हा उपाय बंडूजींना फारच पटला होता. त्यांनी हिरोइनी निवडूनही ठेवल्या होत्या.

“हे पाह्य शालू, ही चांगली हाये. हसरी हाये.”

“अन् निंदन कोन करते इथं?” काकू म्हणाल्या. “मी. मी खाली वाकून निंदू अन् ही तुमच्याकडं पाहून हासन? माह्या वांग्यात दुसरी बाई उभी राह्यनार नाई.”

“मंग देवाचा लाव.”

“देवाचा लावला तं लोक चपला काढून आत येतीन, नारळ फोडतीन. वांगे तुडवून ठेवतीन.”

“मंग माहा लाव!”

काकूंनी त्यांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. “तुमाले पाहून लोक वांग्याकडंच पाह्यतीन.”

मी म्हटलं, “काकू, तुमचाच काढू ना.”

बंडूजी हसले. ते हसले नसते तर कदाचित विषय तिथेच मिटला असता.

काकू घरी गेल्या आणि ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून आल्या. कपाळाला मोठं कुंकू, गालावर काजळाची तीट, आणि डोळ्यांवर बंडूजींचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

“चष्मा काऊन, काकू?”

“एवढी नजर अंगावर घ्याची हाये. काही तं आड पाह्यजे.”

सगळं जमलं, पण हातांचं जमेना. काकूंच्या हातात जन्मभर काही ना काही होतं: ताट, घमेलं, कोणाचं तरी लेकरू. रिकामे हात कुठे ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं. कमरेवर ठेवले, तर बंडूजी म्हणाले, “भांडाले निघाली वाटते.” मागे नेले तर त्या पोलिसासारख्या दिसायला लागल्या. शेवटी मी म्हटलं, “जोडा.”

तिथे माझं चुकलं. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही, कारण चौकटीत पहिल्यांदाच कुंताकाकू पूर्ण आल्या होत्या. दोन्ही कोपरं, दोन्ही पावलं, सगळं कपाळ. मी आणखी मागे सरकले आणि त्यांच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली.

वर्ध्याला आदेशच्या दुकानात फ्लेक्स छापायला दिला. अर्ध्या तालुक्याचे फ्लेक्स आदेशच छापतो.

“ताई, वरती साहेब लोकायच्या फोटोचे गोल किती टाकू?”

“साहेब कोणी नाहीत. नुसता फोटो.”

“नाव? पद?”

“काही नको.”

आदेशने स्क्रीनकडे पाहिलं. काळा चष्मा, कुंकू, जोडलेले हात. मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, “अपक्ष हायेत का?”

मी हसले. त्याने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला, हे मला नंतर कळलं.

फ्लेक्स लागला आणि खरंच गुण आला. गतिरोधकावर गाड्या हळू व्हायच्या, लोक काकूंकडे पाहायचे आणि वांग्यांकडे न बघता निघून जायचे. काकू खूश. मग एका माणसाने गाडी थांबवून फ्लेक्सला हात जोडले. त्यानंतर बायकांचा एक जथाच वावरात आला. म्हणाल्या, नळाला पाणी नाही. काकूंना वाटलं, आल्यात बिचाऱ्या मन मोकळं करायला. त्यांनी सल्ला दिला, “रिकामे हंडे नेऊन सरपंचाच्या ओट्यावर ठेवा.” बायकांनी ठेवले. संध्याकाळी पाणी आलं.

एक जण निशाणी कोणती मिळाली ते विचारायला आला. काकूंना प्रश्नच कळला नाही. त्या हातात वांगं धरून उभ्या होत्या. तो मान डोलावून गेला.

मला हा घोळ कळला तो वर्ध्याहून निवडणुकीला इच्छुक असलेल्या एकाचा फोन आला तेव्हा. “कुंताताईचा फोटो तुमीच काढला ना? मलेबी तसाच चष्मा पाह्यजे.” मी स्कूटी काढली आणि थेट वावर गाठलं.

तिथे लिंबाच्या सावलीत सदाशिवराव बसले होते. आजवर ते बंडूजींना ‘ओ बंडू’ म्हणत आणि काकूंकडे बघतही नसत.

“ताई,” ते म्हणत होते, “आधी सांगाचं ना जी. आपन घरचे लोक.”

“काय सांगाचं?” काकू म्हणाल्या.

“हेच! असंच बोला लागते राजकारनात. पत्ते खोलाचे नाई.”

“मले तं फक्त माहे वांगे वाचवाचे हायेत.”

सदाशिवरावांनी डोळे मिटले. “भाजीपाला उत्पादकायचा मुद्दा. मजबूत हाये. मले सुचला नाई. किती गावं झाले फिरून?”

“मी कोठी फिरते? बाजाराच्या दिवशी बाजारात बसते.”

“बाजार,” ते स्वतःशीच म्हणाले. “एका जागी बसून सारे गावं.”

बंडूजींना राहवेना. “अहो सदाशिवराव, थो फोटो तं आमी...”

“तुमी च्या सांगून या जी,” काकू म्हणाल्या.

“इथं वावरात च्या कोठी?”

“मंग पाहून या कोठी भेटते थे.”

बंडूजी चार पावलं गेले आणि पाठ करून तिथेच उभे राहिले. सदाशिवराव पुढे सरकले. “ताई, मी सरळ बोलतो. तुमी नाव मांगं घ्या.”

आता काकूंच्या डोक्यात पुरता उजेड पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेन्सचं झाकण पुसायला लागले. काकू खाली वाकल्या, वांग्याच्या बुडाशी उगवलेलं गवत सावकाश उपटलं, माती झटकली, गवत धुऱ्यावर टाकलं.

“मांगं घेतलं तं काय होईन?”

“तुमी म्हनसान थे.”

“धाबा?”

“धाब्यासाठी दुसरी जागा पाह्यतो. या तुकड्याचं नाव काढत नाई.”

“यायले सांगा तसं. माह्यादेखत.”

“बंडूजी,” सदाशिवराव पाठीला उद्देशून म्हणाले, “आपला धाब्याचा विषय संपला.”

बंडूजी वळले. त्या माणसाने आपल्या नावाला ‘जी’ लावला होता. त्या भरात ते काहीही कबूल झाले असते. “संपला,” ते म्हणाले.

“मंग घेतलं मांगं,” काकू म्हणाल्या. कधीही न भरलेला अर्ज त्यांनी चिखलाच्या हातांनी तिथल्या तिथे मागे घेतला.

“आता तेवढा फ्लेक्स उतरवा, ताई.”

हे ऐकून मात्र काकूंचा चेहरा पडला. तुकडा वाचला होता, पण वांगी अजून झाडावर होती. कोवळी, चकचकीत, रस्त्याकडे तोंड करून.

“फ्लेक्स काढला तं इथं उभं कोन राहीन?” त्या म्हणाल्या. मग सदाशिवरावांच्या तोंडाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “असं करा, तुमचा लावा इथं.”

“माहा? तुमच्या वावरात?” सदाशिवराव उठून उभे राहिले. “ताई, तुमी मले पाठिंबा देऊन राह्यल्या?”

“मोठ्ठा लावा. याहून मोठ्ठा. पन तोंड रस्त्याकडं पाह्यजे.”

बंडूजींनी काकूंचा फ्लेक्स स्वतः उतरवला. चेहऱ्यावर घडी पडू नये म्हणून गुंडाळी केली आणि बांबूसारखी खांद्यावर टाकून घरी नेली. रस्त्यात कोणी विचारलं तर सांगायचे, “आमच्या घरच्यायनं नाव मांगं घेतलं.” सांगताना त्यांना खरंच थोडं वाईट वाटत होतं.

सदाशिवरावांचा फोटो काढायचं काम मलाच मिळालं. काकू बाजूला उभ्या राहून सूचना देत होत्या.

“ताई, उजवी बाजू बरी दिसते का डावी?”

“जे पाहून मानूस बाकी सारं पाह्याचं विसरते, थे.”

आदेशने या वेळी वरती साहेब लोकांचे गोल टाकून सगळी हौस भागवली. एवढ्या डोळ्यांचा पहारा जिल्ह्यात कुठल्या वांग्याला मिळाला नसेल. गाड्या हळू होतात, लोक सदाशिवरावांकडे पाहतात, काहीबाही बोलतात आणि पुढे जातात. वांगी भरून आली आहेत. कृषी सहायक म्हणतो, बंडूजींनी गुपचूप लावलेल्या, अळीचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचा गुण. काकू त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्याला चहा देतात.

परवा दिवस मावळताना मी तिकडून येत होते. काकू रस्त्याकडेला फ्लेक्ससमोर उभ्या होत्या. मुठीत मीठ-मोहरी होती. सदाशिवरावांच्या तोंडावरून ती ओवाळायला हात पुरत नव्हता म्हणून टाचा उंचावल्या होत्या.

“काकू, हे काय?”

“बिचारा साऱ्या रस्त्याची नजर एकटा घेऊन राह्यला, माय,” त्या म्हणाल्या. “त्याची कोनं काढाची?”