नाकवाले मिस्त्री

"बाबा, तुम्हाला तुमच्याच अंगाचा रॉकेलचा वास येतो का हो?"

प्रश्न ठसकाने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. वर्गातल्या दोघी मैत्रिणी तिच्या शेजारी बसताना मुद्दाम नाकाला रुमाल लावायच्या. आज मधल्या सुट्टीत त्यांनी पैज लावली होती, "हिंमत असेल तर विचार बापाला! विचारलंस तर रुमाल गेला म्हणून समज." ठसका अलीकडे कुणाला घाबरत नव्हती. गेल्याच महिन्यात तिने सगळ्या शाळेसमोर माईकवर भाषण ठोकलं होतं, तेव्हापासून जिभेला हाडच उरलं नव्हतं. घरात आली, दप्तर फेकलं आणि प्रश्न टाकला.

बाबा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. वीस वर्षं ते रॉकेलच्या डब्यात बर्नर भिजवत होते आणि चिकटा थिनरने पुसत होते. खिडकी बंद, कारण धूळ येते. लहानपणी या वासाने ही पोर सारखी खोकायची, म्हणून तिचं नाव पडलं ठसका.

"येतो की! का नाही येणार?" बाबा म्हणाले. जरा जास्तच चटकन. वर डोळे वटारले. "शाळेत हेच शिकवतात काय गं?"

दाराआड आईच्या हातातला कप हवेतच थांबला. सर्दीने तिचं नाक लालबुंद झालं होतं. हे ठसकाने पाहिलं, आणि पाहिलेलं सोडून देणाऱ्यांतली ती नव्हतीच.

समोर एक दुरुस्त झालेली शेगडी होती. आता तपासणी. सगळी वस्ती ही तपासणी बघायला थांबायची. बाबा शेगडी सिलिंडरला जोडायचे, बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचे, खाली वाकून एक लांबलचक श्वास ओढायचे आणि जाहीर करायचे, "पास!" साबणाचं पाणी लावून बघणारे मिस्त्री त्यांच्या मते शिकाऊ. दुकानाच्या पाटीवरसुद्धा भलंमोठं नाक रंगवलेलं होतं.

बाबा वाकले. श्वास ओढला. "पास!"

ठसका चार पावलांवर उभी होती. सडक्या कोबीसारखा भपकारा तिच्या घशात बसला.

"बाबा, गळतोय!"

"गप बस. मोठी आली!"

ती गप बसली नाही. मोरीतून साबणाचा फेस आणला आणि बटणामागच्या जोडावर थापला. फेसातून टपोरे बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक. बाबांनी रेग्युलेटर बंद केला आणि तिचा हात झटकला.

"बापाची परीक्षा घेतेस? कार्टे!"

"तुम्हाला कसलाच वास येत नाही ना? रॉकेल नाही, गॅस नाही, काहीच!"

बाबा उगीच रेग्युलेटर पुसू लागले. बोलली आई. "चार वर्षं झाली. मी दाराआड उभी राहते. वास आला की कप आपटते. मग ते म्हणतात, थांबा, अजून थोडं काम आहे."

"आणि तुला सर्दी कधीपासून?"

"सोमवारपासून," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"सोमवारनंतर किती शेगड्या गेल्या?"

"एकच," बाबा पुटपुटले. "शिवणवाल्या मावशींची. काही होत नाही. तिथे जाऊन बोंब मारलीस तर तंगडं मोडीन. वीस वर्षांचं नाव आहे माझं!"

"नाव घेऊन बसा!" म्हणत ठसका साबण आणि पान्हा घेऊन पळाली.

मावशी गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या. तिथेच मशीन, तिथेच शेगडी. कापडं मळू नयेत म्हणून दार लावलेलं. ठसकाने ते ढकललं तेव्हा मावशी इस्त्रीची वायर प्लगमध्ये खुपसायच्या बेतात होत्या.

"मावशी, थांबा! हात लावू नका कशाला!"

तिने रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि मावशींना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अगं, शिंगं फुटली काय तुला? दोन दिवस डोकं फुटतंय माझं, त्यात तू आणखी!"

"वास नाही आला तुम्हाला?"

"आला की. म्हटलं, गटार तुंबलं असेल. तुझ्या बापाने पास केलेली शेगडी, तिच्यावर कोण संशय घेणार?"

खोलीतला गॅस निघून जाईपर्यंत दोघी पायरीवर बसून राहिल्या. मग ठसकाने रेग्युलेटर क्षणभर चालू केला आणि जोडावर फेस लावला. बुडबुडे आले. तिने रेग्युलेटर पुन्हा बंद केला, नळी काढली आणि शेगडी उचलून निघाली. मागून मावशी ओरडत होत्या, "सांग त्याला, नाकवाला म्हणे! इथे जीव गेला असता माझा!"

बाबा दारातच उभे होते. "सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. झालं समाधान?"

"अहो, आधी तिच्या हातातली शेगडी तरी घ्या," आई म्हणाली.

"तू मधे पडू नकोस! तूच लाडावून ठेवलीयेस."

ठसकाने शेगडी त्यांच्या पायाशी ठेवली. आवाज अगदी भाषणाच्या वेळेसारखा निघाला, फक्त या वेळी टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं.

"आई, बाबा, दोघंही ऐका. उद्यापासून साबण लावल्याशिवाय इथून एकही शेगडी जाणार नाही. साबण मी लावणार, शाळा सुटल्यावर, रोज. खिडकी उघडी राहील, धूळ येऊ दे. कप आपटणं बंद. पाटीवरचं नाक मी रविवारी पुसणार आहे, शिडी देणार नसाल तर शेजारून आणीन. आणि मी न बघितलेली शेगडी कुणी घेऊन निघालं, तर रस्त्यात गाठून सांगेन की आमच्या मिस्त्रींना वास येत नाही. मारायचं असेल तर आत्ताच मारा. माझं ठरलंय."