दत्तक गावातला हौद

मी एक जुना हौद आहे. सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागा संपून जिथं माळ सुरू होतो, तिथल्या एका वाडीच्या तोंडाशी मी आहे. मित्रांनो, गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला माहीत आहे. पण त्या एका सकाळच्या आधी मला दुसरं काही सांगवत नाही.

त्या सकाळी, मला रोज पाण्यानं भरणाऱ्या मथुराबाई आल्या नाहीत. ऊन तळाला लागलं तरी माझ्यात पाणी नव्हतं. बिरुदेव धनगर मेंढरं घेऊन आला. मेंढरांनी आत तोंडं घातली, कोरडा तळ हुंगला आणि ती तशीच उभी राहिली. बिरुदेवानं वाडीकडं बघून हाक मारली, "मथुराकाकू, आज नीज लागली व्हय? माझी लेकरं वाट बघत्यात की!"

शेजारची तानाबाई बाहेर आली. तिनं पदर तोंडाला लावला होता. "वरडू नगंस, बिरुदेवा. काल तिला सोलापूरला दवाखान्यात नेली हुती. आत्ता फोन आला. मथुरा ऱ्हायली न्हाय."

बिरुदेव खाली बसला. मेंढरं मात्र हलेनात. त्यांना कोण सांगणार?

आता माझा जन्म सांगतो. सोलापूरच्या एका कॉलेजनं आमची वाडी दत्तक घेतली होती. राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजं अशी गावं दत्तक घेतात. त्या हिवाळ्यात मुलंमुली सात दिवसांच्या शिबिराला आली आणि शाळेच्या खोल्यांत राहिली. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी गाणी. कुदळ धरून त्यांच्या हाताला फोड आले, पण त्यांनी माळावरचे दगड वेचून आणले आणि मला उभं केलं. अंकिता नावाची एक मुलगी तर जेवायची हाक आली तरी घमेलं सोडायची नाही. मथुराबाई आणि गावातल्या बाया त्यांना भाकरी करून घालायच्या.

इंद्रजीत नावाचा एक मुलगा जेवताना म्हणाला, "मावशी, या शिबिराचे आम्हाला दहा मार्क मिळतात."

"मग त्यातलं दोन मला दे की," मथुराबाई म्हणाल्या. "भाकरी कुनी थापल्या?"

गिलावा पुरा झाला तेव्हा महिपती गवंडी हात धूत म्हणाला, "आता धा-बारा दिस पानी मारायचं. पोती भिजवून वर टाका, सुकू देऊ नका."

अंकितानं बोटांवर दिवस मोजले. "पण मामा, आमचं शिबिर परवाच संपतंय."

"तुमचं संपतंय," मथुराबाई म्हणाल्या. "मी हाय की हितंच."

समारोपाला पाहुणे आले. फोटोत ओली पोती बरी दिसेनात म्हणून मुलांनी ती काढून बाजूला ठेवली. माझ्या मावळतीकडच्या कोपऱ्याला काठी लावून कॉलेजचा फलक बांधला. भाषणं लांबली, सत्कार झाले, मग बस आली आणि सगळे रडत रडत बसमध्ये चढले. मथुराबाईंचेही डोळे भरले होते. त्या गडबडीत पोती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ती आठवणीनं भिजवून माझ्यावर टाकली आणि पुढं रोज पाणी मारलं. पण दुपारचं ऊन थेट येणारा तो मावळतीचा कोपरा एक दिवस कोरडा राहिला होता. तिथं केसासारखी एक भेग पडली. मी कुणाला दोष देत नाही. त्या मुलांचे हात खरे होते आणि डोळ्यांतलं पाणीही खरं होतं.

पहिली वर्षं माझ्या मानाची होती. अंगावर लाल रंगात कॉलेजचं नाव होतं. बिरुदेवाची मेंढरं, वाटेवरची गुरं, चिमण्या, मधमाश्या, सगळे माझ्याकडं यायचे. दुष्काळात टँकर आला की मथुराबाई घरच्यासाठी दोन हंडे उतरवून घ्यायच्या आणि त्यातला एक मला आणायच्या.

त्यांचे मालक कुंडलिकतात्या दारातून बोलायचे, "हौद कालेजचा, मेंढरं बिरुदेवाची, आन् कंबर मोडती कुनाची?"

"तुमची मोडती का? न्हाय न्हवं? मग गप ऱ्हावा."

भेग वाढत गेली. पुढच्या हिवाळ्यात शिबिर आलं तेव्हा मथुराबाईंनी ती अंकिताला दाखवली. त्या वर्षी झाडं लावायचं ठरलं होतं. अंकिता म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी नक्की." त्याच्या पुढच्या वर्षी आरोग्य तपासणी होती. आणि मग तीन वर्षं पुरी झाली, कॉलेजनं दुसरं गाव घेतलं. हे सांगायला अंकिता मुद्दाम एसटीनं आली होती.

मथुराबाई तिला म्हणाल्या, "दत्तक घेतलेलं पोर कुनी तीन वर्सानं माघारी देतं व्हय गं?"

अंकितानं मान खाली घातली. मथुराबाईंना ते बघवलं नाही. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बाय. जेवून जा. भेग काय पळून जात न्हाय. तू ये कवातरी आन् बुजव."

तेव्हापासून त्या रोज सकाळी पाणी भरायच्या आधी चिकणमाती मळून भेगेत भरायच्या, आतून आणि बाहेरून. आतली माती दिवसभरात विरघळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. अंगावरचा लाल रंग उडाला, नाव वाचता येईना, तरी माझ्यात संध्याकाळपर्यंत पाणी असायचं. ते कसं, हे कुंडलिकतात्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मथुराबाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

मथुराबाईंचे दिवस घातल्यावर तात्या पहिल्यांदा हंडा घेऊन माझ्याकडं आले. त्यांना हंडा नीट धरताही येत नव्हता. त्यांनी मला भरलं आणि घरी गेले. दुपारी येऊन बघतात तर तळाशी ओल तेवढी राहिलेली. पुन्हा भरलं, पाणी पुन्हा गेलं. मग ते गुडघे टेकून माझ्या कडेनं फिरले आणि मावळतीच्या कोपऱ्यात थांबले. बाहेरच्या बाजूनं भेगेत वाळलेली माती होती. तिच्यात ओळीनं बोटं उमटलेली होती. शेवटी अंगठा.

तात्यांनी आपला अंगठा त्या खुणेवर ठेवला. खूण लहान होती.

दुसऱ्या दिवसापासून ते आतून माती भरू लागले. बाहेरच्या मातीला त्यांनी हात लावला नाही. पण त्यांची माती टिकत नाही. "तात्या, दुपारपातूर बी पानी ऱ्हाईना," बिरुदेव सांगतो. "मेंढरं सांजच्याला तहानलेलीच जात्यात." तात्या पुन्हा माती मळायला बसतात.

अंकिता आता मोडनिंबला शाळेत शिकवते. मथुराबाई गेल्याचं तिला उशिरा कळलं, तशी ती इंद्रजीतच्या गाडीवर सिमेंटची पिशवी घालून आली. तात्यांच्या पाया पडली. मग थापी आणि छिन्नी घेऊन माझ्याजवळ बसली.

"तात्या, आधी माती सगळी खरवडून काढावी लागेल. त्याशिवाय सिमेंट धरणार नाही."

"आतली काढ."

"बाहेरचीही काढायला लागेल."

तात्या भेगेपुढं येऊन उभे राहिले. "ती न्हाय."

अंकितानं वाकून बघितलं. तिला बोटं दिसली. तिनं छिन्नी खाली ठेवली. इंद्रजीत काही बोलणार होता, तिनं त्याला खुणेनं गप्प केलं.

"मावशींनी मलाच सांगितलं होतं, तात्या," ती म्हणाली. "मी बुजवीन म्हणून त्या थांबल्या होत्या."

"ठावं हाय पोरी. पर आज न्हाय."

मित्रांनो, तुम्हीही उद्या कॉलेजात जाल, शिबिराला जाल. जरूर जा. घाम गाळा, गाणी म्हणा. पण सात दिवसांत जे उभं करता, त्याला आठव्या दिवशी पाणी कोण मारणार, एवढं विचारून मगच बसमध्ये चढा. आणि घरात कुणी रोज गुपचूप एखादी भेग बुजवत असेल, तर ते माणूस असेपर्यंत तिकडं एकदा बघून घ्या.

अंकिता दर महिन्याला येते. तात्यांबरोबर चहा घेते, मला भरते, जाते. पिशवी तात्यांच्या घरात उतरंडीशेजारी ठेवलेली आहे. पावसाळा जवळ आला आहे. दमट हवेत सिमेंट गोठतं आणि पावसात माती वाहून जाते, हे तात्यांना कुणी सांगायला नको.

पिशवी अजून फोडलेली नाही. भेग बुजवायची राहिली आहे.